साथ, कापूस आणि केळापूर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, पैनगंगेच्या उत्तरेस, केळापूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. तालुक्याला नांव या गांवाचें; कचेऱ्या मात्र जवळच्या पांढरकवड्यास. गांवांत जगदंबेचें जुनें देऊळ असून नवरात्रांत तेथें वऱ्हाडाप्रमाणेंच नदीपलीकडच्या तेलंगणांतूनही भाविक येतात. भोंवतालीं कपाशीची काळी जमीन, मधूनमधून सागाचें रान, आणि रानाच्या कडेला गोंडांची व कोलामांची वस्ती, असें या मुलुखाचें रूप आहे.

जागतिक राजकारणाची कथा सांगणारा इतिहासकार लंडन, पॅरिस किंवा जिनिव्हा यांपासून आरंभ करील. केळापुरापासून कोणी करणार नाहीं. तथापि जगभर पसरणाऱ्या साथींनीं राष्ट्राराष्ट्रांचे संबंध कसे बदलले आणि त्यांचें अर्थजीवन कसें हलविलें हें पाहावयाचें असेल, तर राजधान्यांतील दप्तरांइतकीच अशा एखाद्या तालुक्यांतील शेतें पाहणें अगत्याचें आहे. जगाच्या जमाखर्चांतील जमेची बाजू बंदरांत आणि पेढ्यांत लिहिली जाते. खर्चाची बाजू पुष्कळदां अशा ठिकाणीं पडलेली असते.

केळापूरचा जगाशीं संबंध जडला तो कापसामुळें. निजामानें १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. १९०२ च्या करारानें तो सालीना पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडावर इंग्रज सरकारकडे कायमचा आला आणि पुढच्या वर्षीं मध्यप्रांतास जोडला गेला. पैनगंगा ही अशा रीतीनें निजामी मुलूख व इंग्रजी अंमल यांमधील सरहद्द ठरली, आणि केळापूर हा सरहद्दीवरचा तालुका झाला. १९०५ पर्यंत या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हें नांव त्यानंतरचें.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांनीं वऱ्हाडकडे दृष्टि वळविली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊं लागला. लिव्हरपूलच्या बाजारांत या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीचें, म्हणजे अमरावतीचें, तें परदेशी कानांनीं ऐकलेलें नांव. पुढें जर्मनी, इटली आणि विशेषतः जपान हीं राष्ट्रें हिंदी कापसाचीं मोठीं गिऱ्हाइकें झालीं. १८९३ मध्यें जमशेटजी टाटांच्या साहाय्यानें मुंबई-कोबे अशी जपानी आगबोटींची वाहतूक सुरू झाली. रॅली बंधू हे मूळचे ग्रीक आणि व्होलकार्ट बंधू हे स्वित्झर्लंडचे. परंतु त्यांचा व्यापार चाले तो आपल्याकडच्या रुईवर.

केळापूरच्या शेतकऱ्यानें कोबे पाहिलें नव्हतें आणि लिव्हरपूलचें नांवही ऐकलें नसेल. त्याची बंडी पांढरकवड्याच्या किंवा फार तर यवतमाळच्या बाजारापर्यंत जाई. तेथें सरकी वेगळी होऊन रुईच्या गांठी बांधल्या जात आणि पुढचा प्रवास त्या गांठी करीत. परंतु त्याच्या बोंडाचा भाव आतां पांढरकवड्यास ठरत नव्हता; तो समुद्रापलीकडे ठरत होता. आणि ज्या वाटेनें गांठी बाहेर जात त्याच वाटेनें बाहेरचें सुखदुःख आंत येऊं शकत होतें. हें प्रथम कळलें तें प्लेगच्या वेळीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगास यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोद्यांचा आणि धान्याच्या वखारींचा भाग. कांहीं महिन्यांतच लाखों लोक मुंबई सोडून गेले, गिरण्यांतील मजूर गांवीं परतले, आणि युरोपांत घबराट उडाली. हिंदुस्थानच्या जहाजांना आपल्या बंदरांत येऊं द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न तेथील सरकारांपुढें उभा राहिला. हिंदुस्थानचा निर्यात व्यापार तुटला तर साम्राज्याचा सारा आर्थिक डोलाराच हलणार, हें इंग्रज मुत्सद्दी जाणून होते. म्हणून ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कलकत्त्यास साथीच्या रोगांचा कायदा घाईघाईनें संमत झाला, आणि त्याच महिन्यांत व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली.

त्या परिषदेंत जो तह झाला त्याचा मथितार्थ लक्षांत ठेवण्यासारखा आहे. प्लेग आढळल्यास त्याची वार्ता इतर राष्ट्रांना तारेनें कळविणें बंधनकारक झालें. वापरलेले कपडे, अंथरुणें, चिंध्या अशा वस्तूंवर निर्बंध आले. परंतु सामान्य व्यापारी माल अडवून ठेवण्याची जुनी रीत शक्य तितकी सोडून द्यावयाची, असें ठरलें. उलट माणसांची तपासणी कडक झाली. त्या वर्षीं मुंबईहून मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक बंद केली गेली. आगगाड्यांतून उतारू उतरवून तपासले जाऊं लागले. पुण्यास घरझडत्यांमुळें जो असंतोष पेटला त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर झालेल्या हल्ल्यांत झाला, ही हकीकत महाराष्ट्राला सांगावयास नको.

मालाची वाट मोकळी आणि माणसाची वाट अडविलेली, हें व्हेनिसचें सूत्र. व्यापाराच्या दृष्टीनें तें यशस्वी झालें. प्लेग पुढें वऱ्हाड-नागपुराकडेही पसरला आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानांत एक कोटीच्या आसपास माणसें त्यानें नेलीं. परंतु कापसाच्या गांठी युरोपास व जपानास जातच राहिल्या. एवढें मात्र खरें कीं प्लेगच्या भयानें कां होईना, राष्ट्रें एका मेजाभोंवतीं बसलीं. पुढची साथ जेव्हां आली तेव्हां तितकेंही घडलें नाहीं.

१९१८ चें वर्ष उजाडलें तें महायुद्धाच्या छायेंत. युद्धामुळें जहाजें दुर्मिळ झालीं होतीं, कापड महागलें होतें आणि हिंदुस्थानचा गहू विलायतेस जात होता. हिंदुस्थाननें परदेशीं विकलेल्या मालाची किंमत चुकती करण्यास पुरेसा माल विलायतेकडून येत नव्हता, आणि चांदीचीही टंचाई होती. रोख रुपया कमी पडूं लागला म्हणून सरकारनें १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची कागदी नोट प्रथमच काढली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही काढली. ज्या शेतकऱ्याला कापसाचे पैसे खणखणीत वाजवून घेण्याची संवय, त्याच्या हातावर आतां कागद पडूं लागला. लोक नोटा घेऊन रुपये मागण्यास सरकारी खजिन्यावर गर्दी करूं लागले. अखेर अमेरिकेच्या काँग्रेसनें २३ एप्रिल १९१८ रोजीं पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यांतील चांदीचे डॉलर वितळविण्यास परवानगी दिली, आणि ती चांदी हिंदुस्थानाकडे रवाना झाली. वऱ्हाडांतील कापसाच्या बाजारांत वाजणारा रुपया टिकविण्यासाठीं वॉशिंग्टनला कायदा करावा लागला, इतकें जग आतां परस्परांत गुंतलें होतें.

अशा वेळीं इन्फ्लुएन्झा आला. त्याला ‘स्पॅनिश’ म्हणतात तें अन्यायाचें आहे. लढणाऱ्या राष्ट्रांनीं वृत्तपत्रांवर नियंत्रण ठेवून रोगाची बातमी दडपली होती. स्पेन तटस्थ असल्यामुळें तेथील पत्रांनीं ती छापली, आणि रोगाला नांव त्या देशाचें मिळालें. युद्धांत सत्य सांगणाऱ्याच्या माथीं दोष कसा येतो, याचें हें एक उदाहरणच म्हणावयाचें.

मुंबईंत हा ताप १९१८ च्या जूनमध्यें प्रकट झाला. गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती आणि लोक ती विसरूंही लागले. परंतु सप्टेंबरांत दुसरी लाट उठली ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर या एका दिवसांत मुंबईंत ७६८ माणसें मेलीं. लोहमार्गावरून ताप भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा पूर्वेस सरकला. मालगाडीबरोबर हमाल होते, उतारूंबरोबर रजेवर परतणारे सैनिक होते, आणि शहर सोडून गांवीं निघालेलीं घाबरलेलीं कुटुंबें होतीं. स्टेशनापासून आंत बंडीच्या रस्त्यानें जेवढा वेळ लागेल तेवढाच काय तो विलंब. प्लेग उंदरांच्या मागोमाग संथपणें चाले, आणि गांव सोडून रानांत खोपटीं बांधलीं तर माणूस वांचे. हा ताप माणसाच्या श्वासाबरोबर चालत होता. रानांत गेलें तरी तो बरोबरच येई.

त्या वर्षीं पावसानेंही दगा दिला. हिंदुस्थानभर सरासरीच्या जेमतेम पाऊणपट पाऊस झाला, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत ज्वारीचीं कणसें भरण्यापूर्वींच रानें वाळूं लागलीं. पोटांत अन्न कमी, अंगावर वस्त्र अपुरें, आणि त्यांत हा ताप. नवरात्र त्याच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत बसलें. दसरा-दिवाळीचे दिवस म्हणजे वऱ्हाडांत कापसाच्या पहिल्या वेचणीचे दिवस. शेतांत सीतादही करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून, बाया ओटी बांधून कपाशींत शिरतात. १९१८ मध्यें बोंडें फुटण्याचा आणि साथ शिगेस पोंचण्याचा काळ एकच ठरला.

येथें या रोगाचा एक विलक्षण स्वभाव सांगितला पाहिजे. इतर साथी बहुधा मुलांना व वृद्धांना नेतात. इन्फ्लुएन्झानें वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर झडप घातली, आणि हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक ग्रासलें. घरांतील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनींच करावयाची, सर्वांच्या मागून उरलेलें त्यांनींच खावयाचें, बाळंतपणानें झिजलेलें शरीरही त्यांचेंच; हीं कारणें त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीं आणि पुढच्या अभ्यासकांनीं दिलीं आहेत. कापसाची वेचणी तर मुख्यतः स्त्रियांच्याच हातची. नांगर एक दिवस उशिरां चालला तर चालतो, पण फुटलेलें बोंड थांबत नाहीं. तें वाऱ्यानें गळतें, मातींत मिसळतें, दंवानें पिवळें पडतें. ज्या हातांवर वऱ्हाडचा सारा परदेशी व्यापार उभा होता तेच हात या साथीनें नेमके वेचून नेले.

किती माणसें गेलीं? मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानांतील सर्वांत अधिक हानि सोसणाऱ्या प्रांतांपैकीं एक होता. नोंदलेल्या आंकड्यांवरूनच पाहिलें तरी दर हजारीं पन्नासांहून अधिक माणसें तेथें दगावलीं. परंतु नोंदींवर किती विश्वास ठेवावा? जन्ममृत्यूची वर्दी गांवच्या पाटलानें द्यावयाची; पाटीलच तापानें पडला असेल तर वर्दी कोण देणार? सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनीं १९१९ मध्यें साऱ्या हिंदुस्थानांतील मृत्यूंचा अंदाज सुमारें साठ लक्ष केला. १९२१ च्या शिरगणतीनें तो सव्वा कोटीच्या घरांत नेला. पुढच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनीं तो एक कोटी सत्तर-ऐंशी लाखांपर्यंत चढविला. तर अगदीं अलीकडच्या एका गणितानें तो एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आणला आहे. साठ लक्षांचा तो पहिला अंदाज सोडला तर यांतील कोणताही आंकडा धरला तरी, प्लेगनें वीस-बावीस वर्षांत जेवढीं माणसें नेलीं त्यांहून अधिक या तापानें कांहीं महिन्यांत नेलीं. आणि तरीही या तापासाठीं व्हेनिससारखी परिषद भरली नाहीं, मुंबईचें बंदर बंद करा असें कोणी राष्ट्र म्हणालें नाहीं. युद्ध चाललें होतें. जहाजें थांबविणें कोणालाच परवडणारें नव्हतें. राष्ट्रांचें लक्ष मृत्यूच्या संख्येकडे जातें असें दिसत नाहीं. व्यापाराला आणि सैन्याला असणाऱ्या धोक्याकडे तें जातें.

आर्थिक परिणाम ताबडतोब दिसले. युद्धांत ज्या देशानें इंग्लंडला गहू पुरविला त्याच देशाला आतां ऑस्ट्रेलियाचा गहू मागवावा लागला. कापडाच्या भावांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं १९१८ मध्यें स्वतंत्र कायदा करणें भाग पडलें. आर्थिक इतिहासकारांच्या हिशेबानें त्या एका वर्षांत हिंदुस्थानचें उत्पन्न दशांशाहून अधिक घटलें. त्यांत अवर्षणाचा वांटा मोठा होता हेंही खरें. अमेरिकेची चांदी आली आणि रुपया तगला. इतकेंच नव्हे तर पुढच्या वर्षांत त्याचा भाव सोळा पेन्सांवरून चढत चढत दोन शिलिंगांच्याही वर गेला. परंतु चांदीनें ज्वारी पिकत नाहीं. ज्या घरांतील कर्तीं माणसें गेलीं त्या घराला रुपया सोळा पेन्सांचा काय आणि अठ्ठावीस पेन्सांचा काय, सारखाच. १९२० नंतर जगाच्या बाजारांत मंदी आली व मालाचे भाव कोसळले, तेव्हां आधींच रिकाम्या झालेल्या घरांवर तो दुसरा घाव बसला. वऱ्हाडची लोकसंख्या १९११ मध्यें तीस लाखांच्या थोडी वर होती. १९२१ मध्येंही ती जवळजवळ तितकीच राहिली. दहा वर्षांची वाढ या एका हंगामानें पुसून टाकली.

याच वेळीं दूर पॅसिफिक महासागरांत जें घडलें तें येथें ताडून पाहण्याजोगें आहे. सामोआ बेटांपैकीं पश्चिमेकडचीं न्यूझीलंडच्या ताब्यांत होतीं आणि पूर्वेकडचीं अमेरिकेच्या. नोव्हेंबर १९१८ मध्यें न्यूझीलंडहून आलेल्या ‘तालुने’ नांवाच्या आगबोटीला पश्चिम सामोआंत उतरूं दिलें गेलें. थोड्याच आठवड्यांत तेथील सुमारें पंचमांश लोक मरण पावले. अमेरिकन गव्हर्नरानें आपलीं बेटें कडकडीत बंद ठेवलीं; तेथें एकही माणूस मेला नाहीं. पश्चिम सामोआच्या लोकांनीं हा प्रसंग कधींच विसरला नाहीं. न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्ध पुढें जी चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशीं हें दुःखही होतें, आणि २००२ सालीं न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनीं त्याबद्दल क्षमा मागितली. साथीचें अपयश राज्यकर्त्यांच्या खात्यावर ऐंशी वर्षेंसुद्धां राहूं शकतें, हें यावरून दिसतें. वऱ्हाडच्या मृतांसाठीं अशी क्षमा कोणीं मागितली नाहीं.

साथीनें राष्ट्रांना कांहींच शिकविलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायचा तह झाला. त्याच तहानें निर्माण झालेल्या राष्ट्रसंघाच्या घटनेंत, रोगांचें निवारण ही राष्ट्रांच्या सामायिक काळजीची बाब म्हणून लिहिली गेली. हिंदुस्थान पराधीन असूनही त्या संघाचा सभासद होता. संघाच्या आरोग्यविभागानें १९२५ मध्यें सिंगापूर येथें पौर्वात्य केंद्र उघडलें. पूर्वेकडील बंदरांतून तारेनें रोगांच्या वार्ता तेथें येत आणि दर आठवड्याला बिनतारी संदेशानें त्या सर्वत्र प्रसृत होत. ज्या आकाशवाणीनें पुढें गाणीं व व्याख्यानें घरोघर पोंचविलीं तिच्याच भगिनीनें आधीं पटकी-प्लेगची खबर बंदरोबंदरीं पोंचविली. त्या परंपरेंतूनच ७ एप्रिल १९४८ रोजीं जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वांत आली. परंतु १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्यकरारांत ज्या रोगांची वर्दी सक्तीची केली गेली त्यांत प्लेग, पटकी, पीतज्वर, देवी व सांथीचा टायफस होता, इन्फ्लुएन्झा नव्हता. सर्वांत अधिक माणसें नेणारा रोगच यादींतून गळला.

वऱ्हाडचीं तीं ओसाड शेतें पुढें एका अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां प्रकट झालीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्थशास्त्रज्ञांत असा एक वाद सुरू झाला कीं, हिंदुस्थानासारख्या देशांत शेतीवर माणसें इतकीं अधिक आहेत कीं त्यांतील पुष्कळ काढून घेतलीं तरी उत्पन्न कमी होणार नाहीं. त्या माणसांना ‘अतिरिक्त’ असें नांव होतें. अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ यांनीं १९६४ मध्यें पारंपरिक शेतीवरील आपल्या ग्रंथांत या मताची परीक्षा घेण्यासाठीं १९१८ ची साथ निवडली. साथीनें शेतीवरील सुमारें आठ टक्के मनुष्यबळ अचानक नाहींसें केलें होतें, आणि गुरें, जमीन, विहिरी जागच्या जागीं होत्या. माणसें खरोखर अतिरिक्त असतीं तर पेरा तेवढाच राहावयास पाहिजे होता. शुल्ट्झ यांनीं १९१६-१७ आणि १९१९-२० या वर्षांची तुलना केली. पेरा ३.८ टक्क्यांनीं घटलेला दिसला, आणि ज्या प्रांतांत मृत्यु अधिक त्या प्रांतांत घटही अधिक दिसली. अर्थात् शेतांतील माणूस अतिरिक्त नव्हता, असा त्यांनीं निष्कर्ष काढला.

यावर १९६७ मध्यें अमर्त्य सेन यांनीं आक्षेप घेतला. मृत्यु सर्व कुटुंबांत सारखा वांटून येत नाहीं, हा त्यांचा एक महत्त्वाचा मुद्दा. एखादें घर सबंध नाहींसें होतें, त्याची जमीन पडीक राहते. शेजारच्या घरांत हात रिकामे असले तरी ती जमीन एका हंगामांत त्यांच्याकडे जात नाहीं. तेव्हां पेरा घटला एवढ्यावरून तो सिद्धान्त खोटा ठरत नाहीं. पुढें दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळालें, शुल्ट्झ यांना १९७९ मध्यें आणि सेन यांना १९९८ मध्यें. वादाचा निर्णय कांहींही असो, दोघांच्याही युक्तिवादांच्या तळाशीं एकच चित्र आहे : कोणी न पेरलेलें शेत. केळापूरसारख्या तालुक्यांत त्या चित्राला सिद्धान्ताची गरज नव्हती. तेथें तें बांधावरून दिसत होतें.

शंभर वर्षांनंतर जग पुन्हां एका साथींत सांपडलें. २०२० च्या मार्चमध्यें कोरोनामुळें भारतभर टाळेबंदी झाली. केळापूर तालुका आतां महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सीमेवर होता, आणि नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग त्याच्यामधून जात होता. मालमोटारींना थोड्याच दिवसांत मोकळीक मिळाली. माणसांना मात्र ती नव्हती. हैदराबादेकडून निघालेले उत्तरेकडचे मजूर, डोक्यावर गांठोडीं आणि कडेवर मुलें घेऊन, भर उन्हांत त्याच महामार्गानें पायीं चालले. सरकारी कापूसखरेदी थांबली होती. पुष्कळ शेतकऱ्यांचा कापूस नव्या पेरणीचे दिवस जवळ येईपर्यंत घरांत पडून राहिला, कारण गिरण्या बंद, परदेशची मागणी बंद, आणि बाजारही बंद. पुढच्या वर्षीं लस हीच राष्ट्राराष्ट्रांतील देवघेवीची वस्तु झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी २०२१ पासून अनेक देशांना जाऊं लागली; देशांत दुसरी लाट उठतांच ती निर्यात थांबली, आणि तिच्यावर विसंबलेले गरीब देश वाट पाहत राहिले. व्हेनिसचें सूत्र येथें प्रथमच उलटें फिरलें : माल रोखावा कीं माणूस वांचवावा, हा प्रश्न आतां आपल्या देशापुढें होता.

१८९७, १९१८ आणि २०२० या तीन प्रसंगांत रोग वेगळे, राज्यकर्ते वेगळे, शास्त्रही वेगळें. परंतु एक गोष्ट तिन्हींत समान आहे. साथ आली कीं राष्ट्रें प्रथम मालाची वाट सुरक्षित करूं पाहतात आणि माणसाची वाट बंद करतात. व्यापार थांबला तर उपासमार होते, म्हणून हें धोरण सर्वस्वी चूक म्हणतां येणार नाहीं. पण त्यांत एक गृहीत लपलेलें असतें, तें हें कीं माल आणि माणूस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९१८ च्या त्या हंगामानें हें गृहीत खोटें ठरविलें. गांठ बंदरावर पोंचते, कारण कोणींतरी बोंड वेचलेलें असतें. चांदी, नोटा, तह, जहाजें हें सारें त्या एका हातानंतरचें आहे.

केळापुरास आजही नवरात्र बसतें, पैनगंगेपलीकडून माणसें देवीला येतात, आणि दसऱ्याच्या सुमारास कपाशी फुटूं लागते. सीतादहीचा नैवेद्य दाखवून बाया ओटी बांधतात आणि पहिल्या ओळीला लागतात. १९१८ मध्यें त्या ओळींत ज्या आल्या नाहींत त्यांचीं नांवें कोणत्याही वहींत मिळणार नाहींत. जगाच्या अर्थव्यवस्थेचा जो भाग त्यांच्या ओटींत होता तो मात्र त्यांच्याबरोबर गेला, आणि तो किती मोठा होता हें मोजण्याचें काम अर्थशास्त्रज्ञांना पन्नास वर्षांनंतरही करावें लागलें.